प्लेबुक घेऊन या

रवि. ९ एप्रिल २००६, नॉटिंगहॅम

अमेरिकन फुटबॉलच्या सीझनची पहिली मॅच. जिंकलो. थंडी इतकी की कॅमेऱ्याचं बटण दाबलं की नाही ते बोटाला कळत नव्हतं. मी नेहमीसारखी चेंजिंग रूमच्या छपरावर, शिडी लावून. वरून शूट केलं की दोन्हीकडची सगळी माणसं एकदम दिसतात. आणि वर कोणी बोलायला येत नाही. हे दुसरं कारण काकांना माहीत आहे, पण ते तसं म्हणत नाहीत.

काका, म्हणजे टीमचे कोच, खाली मैदानाच्या कडेच्या लाइनवर. लाल टोपी, उंची आईएवढी. आजूबाजूला सगळी दाराएवढी माणसं. नवीन रेफरी आला तो सरळ कार्लशी हात मिळवायला गेला. कार्ल म्हणजे असिस्टंट. "नॉट मी, मेट. हिम." दर वर्षी होतं हे. काका म्हणतात, "त्यांना वाटतं मी फिजिओचा बाप आहे."

आज पूर्ण मॅच उजवा हात खिशात. थंडी म्हणून असेल.

मंगळ. ११ एप्रिल

सकाळची शिफ्ट, सुपरमार्केट, बेकरी. ट्रे काढ, ट्रे लाव. सुपरवायझरने काहीतरी विचारलं, मी मान हलवली. नंतर कळलं की शनिवारी यायला हो म्हटलंय.

सिक्स्थ फॉर्म, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, नोव्हेंबरात सोडलं. आई अजून मंडळात सांगते, मिनू जरा ब्रेक घेतेय. दोन डॉक्टरांच्या घरात ब्रेडवाली मुलगी. बाबा काही म्हणत नाहीत. बाबा कशालाच काही म्हणत नाहीत.

ही डायरी मराठीत लिहायची हे काकांचं. दहा वर्षांची होईपर्यंत पुण्यात होते म्हणून येतं अजून. काका अमेरिकेत स्काउट, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणारे, होते तेव्हा कॉलेजच्या मॅचला सगळे स्काउट एका बाकावर बसायचे आणि एकमेकांच्या कागदात डोकवायचे. काका मराठीत लिहायचे. "डावा पाय जड." "पडला की आधी इकडेतिकडे बघतो." "आईचं ऐकतो." आईचं ऐकतो म्हणजे चांगले मार्क. बाजूचे वेडे व्हायचे म्हणे, हा कुठला कोड.

गुरु. २० एप्रिल

ट्रेनिंग. पाऊस, चिखल. इशारे परत पाठ करून घेतले सगळ्यांकडून. काका लाइनवरून हाताने सांगतात आणि डॅरन, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, ते बघून टीमला सांगतो. टोपीला हात म्हणजे बॉल घेऊन पळायचं. कोपराला हात म्हणजे पास. तळहात छातीवर म्हणजे आधीचं रद्द, डॅरनने स्वतः बघून ठरवायचं आणि ओरडून सगळ्यांना सांगायचं. अजून पुष्कळ आहेत. मला सगळे येतात. कोणी विचारत नाही पण येतात.

डॅरन मला बघून, "ए अप, मी डक," म्हणजे इकडचं काय गं पोरी. मी हात वर केला. एवढंच जमतं.

डॅरन छपरं दुरुस्त करतो. काकांनी त्याला बसमधून बघितला. तो एका घराच्या छपरावरून जुनी कौलं खाली मित्राकडे फेकत होता, न बघता, आणि प्रत्येक कौल त्याच्या हातात जात होतं. काका पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत आले आणि खाली उभं राहून ओरडायला लागले. डॅरनला वाटलं कौन्सिलचा माणूस आला. "आय थॉट आय वॉज निक्ड!" म्हणजे आता पकडले गेलो. तोपर्यंत त्याने हा बॉल हातात पण घेतला नव्हता. चार वर्षं झाली. आता आमच्या लीगमध्ये त्याच्यासारखा कोणी नाही. हे मी नाही, काका म्हणतात, आणि काका असं कोणाबद्दल म्हणत नाहीत.

रवि. २३ एप्रिल

जिंकलो. काकांनी इशारे डाव्या हाताने केले. डॅरन नंतर म्हणाला, आरशात बघून दाढी केल्यासारखं वाटलं.

बुध. ३ मे

जेवताना काकांच्या हातातली वाटी वाजली ताटावर. टक टक टक. वरण सांडलं. सगळे आपापल्या ताटात बघत होतो. काका म्हणाले, "वहिनीसाहेब, वाटी गरम आहे हो." ते आईला असंच म्हणतात, चिडवायला. वाटी गरम नव्हती.

नंतर मी जिन्यात होते. किचनमधून ऐकू आलं.

आई - अहो, तुम्ही डॉक्टर ना? दिसत नाही का तुम्हाला?
बाबा - दिसतं.
आई - मग?
बाबा - माझा दादा आहे गं तो. त्याला काय सांगू, चालून दाखव?

आई काहीतरी म्हणाली ते नळात गेलं.

रवि. १४ मे

ब्रिस्टलला मॅच. जाताना टीमच्या बसमध्ये काका आणि मी पुढच्या सीटवर. मागे पोरं गाणी म्हणत होती, घाण. काका म्हणाले, "तुला कळतात ना शब्द?" मी हो. "मला पण. आपण दोघं खिडकीतून मेंढ्या बघू."

मग आपणहून बोलायला लागले. काकांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. पुण्याहून इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले. तिथे रूममेट हा खेळ खेळायचा, म्हणून बघायला गेले. काही कळेना म्हणून प्रत्येक खेळ कागदावर काढला. कोचने ते कागद बघितले. मग शिक्षण सुटलं. आजोबा त्यांच्याशी कधीच बोलले नाहीत परत. बाबा तेव्हा शाळेत. एकाने सोडलं म्हणून दुसऱ्याला घट्ट धरून ठेवलं, म्हणून बाबा डॉक्टर. काका स्वतः एकदाही खेळले नाहीत. आधी असिस्टंट कोच, मग वर्षानुवर्षं गाडी घेऊन गावोगाव पोरं बघत फिरणं. त्यातच कॅरलकाकू सोडून गेली. "बरोबर केलंन," म्हणतात.

आज नवीन होतं ते हे. एका मोठ्या टीमकडे असताना त्यांचं काम होतं दार वाजवायचं. उन्हाळ्यात कॅम्पला खूप पोरं येतात, थोडी ठेवतात. ज्याला काढायचं त्याच्या रूमवर सकाळी काका जायचे. म्हणायचं एकच, "कोच बोलवतायत. प्लेबुक घेऊन ये." प्लेबुक म्हणजे टीमच्या सगळ्या चालींची जाड फाइल. ती परत घेतात. त्यामुळे प्लेबुक म्हटलं की समजायचं, संपलं.

"मला बघून साडेसहा फुटी माणूस संडासात लपला होता, मिनू. मी बाहेर उभा. म्हटलं, बाबा रे, मला पण जायचंय."

मी हसले. मग ते हसले नाहीत.

म्हणाले, त्याची एक रीत असते. नाश्त्याच्या आधी जायचं, न सांगता त्याला सगळ्यांबरोबर जेवू द्यायचं नाही. बसायचं नाही, उभं राहायचं. आधी त्याचं नाव. मग खरं काय ते एका वाक्यात. सॉरी म्हणायचं नाही, सॉरी आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं. मग गप्प. तो काही म्हणेपर्यंत गप्प. आणि निघताना त्याची बॅग आपण उचलायची.

मी विचारलं (मी!) "तुम्हाला कोणी सांगायला आलं होतं का कधी?"

"मला? छे. मी प्रत्येक ठिकाणाहून त्याआधीच निघालो."

मॅच हरलो. येताना ते झोपले. झोपेत हात थांबलेला.

शनि. २७ मे

जर्मनीतल्या एका क्लबचा माणूस, काकांचा जुना ओळखीचा, त्याचा फोन. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक हवाय. पगार, राहायला जागा. टेप बघितली, आवडली. पण टेपवर माणूस कसा आहे ते कळत नाही, ते तू सांग म्हणाला. तू हो म्हटलंस की मी बोलावतो.

काका म्हणाले, अजून थोड्या मॅच बघून सांगतो. ते कोणालाच लगेच हो म्हणत नाहीत.

डॅरनला सांगितलं तर तो गवतात आडवा झाला. उठेचना. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी ओतलं. डॅरनची मुलगी दोन वर्षांची आहे, ती पण ओतायला आली, तिच्या बाटलीतलं ज्यूस.

मंगळ. ६ जून

सगळ्या गाड्यांना इंग्लंडचे झेंडे. वर्ल्ड कप, तो दुसऱ्या फुटबॉलचा. बेकरीत पण लाल-पांढऱ्या आइसिंगचे बन्स. काका म्हणतात हा महिना त्यांनी कोणाला कामाबद्दल सांगायचंच नाही ठरवलंय.

त्यांनी मला रविवारच्या नोट्स दिल्या, फेअर करायला. अक्षर मुंग्यांसारखं झालंय. ओळीच्या सुरुवातीला जरा मोठं, मग लहान, लहान, शेवटचा शब्द वाचताच येत नाही. आधी त्यांचं अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं होतं. मी बाबांच्या टेबलावर मुद्दाम तो कागद ठेवला. संध्याकाळी बघितलं तर कागद उलटा करून ठेवलेला.

रवि. १८ जून

लिहायचं नाही असं वाटतंय.

शेवटची काही मिनिटं. आम्ही थोडे मागे. काकांनी कोपराला हात लावला. पास. मी छपरावरून बघितलं, कॅमेरा मैदानावर होता पण मी काकांकडे बघत होते. हल्ली तिकडेच बघते. कोपरावरून हात काढला आणि तो कापायला लागला. कधी नव्हे एवढा. सगळ्यांसमोर. काकांनी तो पटकन छातीवर दाबून धरला. थांबवायला.

तळहात छातीवर.

डॅरनने तेवढंच बघितलं असणार. त्याने ओरडून दुसरी चाल सांगितली. उजवीकडच्यांना ऐकू आलं, डावीकडच्यांना नाही. ते जुनीच चाल खेळले आणि डावीकडून समोरच्या टीमचा एक माणूस सरळ आत आला. डॅरनची त्याच्याकडे पाठ होती.

आवाज वरपर्यंत आला.

कॉलरबोन. आणि खांदा. अँब्युलन्स मैदानात आली, चाकं चिखलात रुतली, दोन्ही टीमनी मिळून ढकलली. डॅरनची मुलगी "डॅडी फेल ओव्हर" म्हणत होती सगळ्यांना.

सोम. १९ जून

काकांनी टेप लावली. तीच चाल, मागे, पुढे, मागे. टेपवर काका नाहीत. मैदानच आहे.

"कोपर. मी कोपर दिलं. रद्द केलंच नाही. ह्याने स्वतःच्या मनाने बदललं."

बाबा दारात उभे होते, बूट हातात. मी सोफ्यावर. 

काका टेप थांबवून म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण शेवटच्या मिनिटाला घाबरतो. माझ्या लक्षातच आलं नाही एवढी वर्षं." आणि त्यांचा चेहरा. डॅरनवर राग नव्हता तो. त्यांना वाटत होतं आपली नजर गेली. बसमधून कौल फेकणारा मुलगा बघितला आणि चुकीचा बघितला.

त्यांना खरंच माहीत नाही. हात छातीवर ठेवला ते त्यांना माहीतच नाही.

गुरु. २२ जून

ट्रेनिंग. कोणी नीट खेळेना. कार्ल शिडीपाशी आला. तो शाळेत पीई (पीटी) शिकवतो, त्यामुळे गप्प मुलांशी कसं बोलायचं ते त्याला येतं, म्हणजे दुसरीकडे बघत बोलतो.

"डॅरन म्हणतो त्याने हात छातीवर बघितला. कोच म्हणतात नाही. तू वर होतीस."

मी शिडीचा गंज खरवडत होते.

"तुला आत्ता सांगायला नको," म्हणाला. मग गेला. एवढा वाईट वाटला मला त्याचा चांगुलपणा.

शनि. २४ जून

बेकरीतून सुटल्यावर डॅरनकडे गेले. आतापर्यंत कोणाच्या घरी एकटी गेलेली नाही. बेल वाजवून परत जायला निघाले होते तेवढ्यात त्याच्या बायकोने उघडलं.

डॅरन खुर्चीत, हात पट्ट्यात. कामावर जाता येत नाही. छपरावर एका हाताने कोण चढवणार. मी आणलेले बन्स मुलीने फोडून आइसिंग तेवढं खाल्लं.

तो म्हणाला, मी मराठीत लिहिते, "मिनू, मला खरं सांग. मी छातीवरचा हात बघितला. डोळे मिटले की अजून दिसतो. कोच म्हणतात नव्हता. ते कधी चुकत नाहीत. मग मला काय झालंय? मार लागायच्या आधीच असं कसं दिसलं?"

मी तोंड उघडलं.  शाळेत हजेरीला व्हायचं तसंच. सगळा वर्ग वळून बघतोय आणि "येस मिस" एवढं पण नाही.

मुलीने माझ्या गुडघ्यावर आइसिंगचा हात पुसला.

घरी येताना बसमध्ये रडले. वरच्या मजल्यावर, एकदम पुढे, तिथे मागचे बघू शकत नाहीत.

गुरु. २९ जून

जर्मनीवाल्याचा परत फोन. काका म्हणाले, सोमवारी सांगतो. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "त्याला नकार कळवणार. ज्याला माझा इशारा वाचता येत नाही त्याला मी दुसऱ्याच्या गळ्यात कसा बांधू? माझ्या शब्दावर घेतायत. शब्दच आहे माझ्याकडे."

"डॅरनला...?"

"त्याला मी सांगेन. फोनवर नाही. रविवारी सकाळी जातो. प्लेबुक पण घेऊन येतो त्याच्याकडचं."

शनि. १ जुलै

बाबांना गॅरेजमध्ये गाठलं. सगळं सांगितलं. सगळं म्हणजे चार वाक्यं. बाबांना धक्का बसला नाही. ते गाडीचं आधीच पुसलेलं बॉनेट पुसत होते.

"बघतो. उद्या बोलतो."

"उद्या सकाळी ते डॅरनकडे जाणारेत, बाबा."

"हो. बोलतो म्हटलं ना."

मग म्हणाले, "मला सायकल त्याने शिकवली, मिनू. मागून धरून पळायचा. मी म्हणायचो सोडलंस का, सोडलंस का, तो म्हणायचा नाही, धरलंय. आणि कधीच सोडलेलं असायचं."

मला त्यांचा राग आला होता. मग नाही आला.

संध्याकाळी इंग्लंड हरली. रस्ता एकदम गप्प.

रवि. २ जुलै

बाबांच्या खोलीचं दार बंद. काकांच्या खोलीत रेडिओ. नाश्ता व्हायचा होता.

वाजवलं.

काका तयार. इस्त्रीचा शर्ट, टोपी. वरची दोन बटणं लावायची राहिलेली, आणि मला कळलं की राहिलेली नाहीत, जमलेली नाहीत.

"काय गं?"

उभी राहिले. आधी नाव. पण त्यांचं नाव कसं घेणार. "काका," म्हटलं. आवाज आला. मग एका वाक्यात म्हटलं की डॅरनने बरोबर बघितलं, तुमचा हात कापत होता म्हणून तुम्ही तो छातीवर दाबलात.

सॉरी तोंडाशी आलं होतं. गिळलं.

मग थांबले.

काकांनी हात बघितला. स्वतःचा, नवीन असल्यासारखा. तो आत्ता पण कापत होता, अंगठा आणि बोट, गोळी वळल्यासारखे. मग माझ्या पायांकडे बघितलं. स्काउट आधी पाय बघतात, तोंड काही पण दाखवतं म्हणतात.

"हलली नाहीस," म्हणाले.

 ते पलंगाच्या कडेवर बसले. खूप वेळाने, खाली बघून, इंग्लिशमध्ये नाही, मराठीत,

"प्लेबुक आणू?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ते उठले, फळीवरून जाड फाइल काढली, दोन्ही हातांनी. टेकवायला गेले तर कापायला लागली. मी घेतली. मला वाटलं त्यापेक्षा जड.

बाबा बाहेर पॅसेजमध्ये. हातात टूथब्रश. सगळं ऐकलेलं.

"दादा."

"बोल."

"चालून दाखव."

काकांनी टोपी काढून माझ्या हातातल्या फाइलवर ठेवली आणि बाथरूमपासून जिन्यापर्यंत चालले. मग परत. मी पण बघितलं, त्यांनीच शिकवल्यासारखं, आधी पाय. उजवा पाय कार्पेटला घासत होता. डावा हात मागेपुढे होत होता आणि उजवा नुसता लटकत होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

"किती मार्क, डॉक्टर?"

बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, टूथब्रश धरून. काका त्यांच्या शेजारी बसले. खालून आई ओरडली, "पोहे गार होतायत!" कोणी हललं नाही. काकांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला, तोच हात. बाबांची पाठ त्याच्याबरोबर कापत होती, की बाबा रडत होते, दोन्ही असेल.

सोम. ३ जुलै

डॅरनकडे. बाबांनी सोडलं, ते गाडीतच बसले. काका बसले नाहीत, दारातच उभे राहिले. "डॅरन. तू बरोबर बघितलंस. हात माझा होता."

मग थांबायचं असतं. पण काका म्हणाले, "सॉरी." मग परत, "सॉरी, सन."

डॅरनने एका हाताने मिठी मारायला बघितलं, काका त्याच्या काखेत गेले. मुलगी मध्ये घुसली.

घरी येऊन जर्मनीला फोन. दार बंद होतं. मला एवढंच ऐकू आलं, घ्या त्याला. तो चुकला नव्हता, चूक माझी होती. मग बराच वेळ काका ऐकत होते. मग म्हणाले, हो, कळतं, आता माझ्या शब्दाचं काय, ते तुम्ही ठरवा.

कळवतो म्हणाला तो.

गुरु. ६ जुलै

काका ट्रेनिंगला आले नाहीत. बाबांच्या ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात. बाबा त्याआधी आजाराचं नाव घ्यायला तयार नाहीत. आईने घेतलं, हळू, भाजी चिरताना. काकांनी ऐकलं. "मोठं नाव आहे वहिनीसाहेब," म्हणाले, "जर्सीवर मावायचं नाही."

मी एकटी बसने गेले ट्रेनिंगला. सगळे काकांबद्दल विचारत होते, कार्लने सांगितलं. टीममधला सगळ्यात दांडगा माणूस, लेन, तो हेल्मेट घालून रडला, कोणाला कळणार नाही असं वाटून.

कार्ल म्हणाला, कोच येणार असतील तर त्यांनी फक्त सांगावं, इशारे दुसऱ्या कोणी तरी करावेत. ज्याला सगळे येतात. आणि दुसरीकडे बघितलं.

"नॉट अ वर्ड, डक. जस्ट हँड्स."

घरी आल्यावर काकांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पान उलटलं नाही. मग म्हणाले, "काढलेल्या माणसाने कॅम्पपाशी घुटमळू नये. वाईट दिसतं."

"तुम्हाला काढलं नाही."

"प्लेबुक कुठे आहे?"

माझ्या पलंगाखाली आहे. 

रवि. ९ जुलै

घरच्या मैदानावर मॅच. डॅरनच्या जागी नवीन मुलगा. कॅमेरा कार्लची बायको धरणार आहे, तिला शिडीची भीती वाटते तरी.

जर्मनीहून काही नाही अजून.

काल संध्याकाळी आरशासमोर इशारे केले. टोपी, कोपर, छाती. माझे हात इतके स्थिर आहेत की लाज वाटली.

सकाळी उठले तर जिन्याच्या कठड्यावर लाल टोपी. ते ती कधी खोलीबाहेर ठेवत नाहीत. माझ्यासाठी ठेवली, की नकोशी झाली, की नुसती विसरले. मी हात लावला नाही. पोह्यांचा वास येतोय. बाबा गाडी बाहेर काढतायत आणि हॉर्न वाजवत नाहीयेत.

फाइल पलंगाखालून काढली. आता दारात उभी आहे, पानं फाइलवर ठेवूनच लिहितेय. काकांच्या खोलीचं दार थोडं उघडं आहे. आत रेडिओ नाही. बूट घालताना माणूस श्वास टाकतो तसा आवाज आला, की नुसता कूस बदलल्याचा

आवाज परत आला, दुसऱ्या बुटासारखा